आग्रा रोडनं पायी जाणारे साधू: यांचे नियम असतात तरी काय?

सोनगीरकर (धागाकर्ता)

नाशिकच्या सिंहस्थाच्या बातम्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर नागा साधूंचे फोटोही. अंगाला राख, गळ्यात रुद्राक्ष, समोर पाच-पंचवीस मोबाईल. मेळा संपला की विषय संपला. पण मधल्या वर्षांत ही माणसं असतात कुठे, खातात काय, रात्री अंग कुठे टाकतात, यावर इथे धागा निघाल्याचं मला आठवत नाही. म्हणून काढतोय.

आणि तो खान्देशी माणसानंच काढावा. पुण्या-मुंबईच्या मंडळींना साधू बघायला कुंभाला जावं लागतं, आपल्या तो दारावरून जातो. गुरू सिंह राशीत असतो त्याच काळात आधी नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ होतो आणि मग उज्जैनचा. २०१५ च्या पावसाळ्यात नाशिक झालं, २०१६ च्या उन्हाळ्यात उज्जैन. आता २०२७ आणि २०२८. दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे आपला मुंबई-आग्रा रोड: चांदवड, मालेगाव, धुळे, सोनगीर, शिरपूर, पळासनेर, पुढे सेंधवा. आखाड्यांचे महंत गाड्यांतून जातात, बरेच जण भुसावळमार्गे रेल्वेच्या जनरल डब्यातून. तरी पायी जाणारे असतातच, कापसाची वेचणी चालू असते तेव्हा हमखास दिसतात. शिवाय नर्मदा परिक्रमावाले आहेत. सरदार सरोवराच्या पाण्यात शूलपाणीच्या झाडीतली काठची वाट गेली, तेव्हापासून दक्षिण तटावरचे कितीतरी परिक्रमावासी खेतियावरून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून फिरून जातात. तोरणमाळला गोरखनाथाचं ठाणं असल्यामुळे नाथपंथी येतात ते वेगळेच.

माझं दुकान रोडला लागून आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलून आणि मग थोडं वाचून एक गोष्ट लक्षात आली. आपण समजतो की घरदार सोडलं, आता हा माणूस मोकळा, मनाला येईल तिकडे जाईल. प्रत्यक्षात याच्याइतका नियमात बांधलेला माणूस आपल्या ओळखीत नसेल. संन्याशासाठीचा जुना नियम आहे, खेड्यात एक रात्र, शहरात फार तर पाच. जास्त राहिलं की ओळखी होतात, ओळखीतून सोय होते, सोयीतून नवं घर उभं राहतं. फक्त पावसाळ्यात एका जागी थांबायचं, कारण नद्या भरलेल्या असतात आणि पायाखाली किडा-मुंगी, कोवळे अंकुर चिरडतात. नाव चातुर्मास, पण कित्येक संन्यासी गुरुपौर्णिमा ते भाद्रपद पौर्णिमा असे दोनच महिने पाळतात, पंधरवडा म्हणजे एक महिना असा हिशेब धरून.

भिक्षेचं तर त्याहून कडक. मनुस्मृतीत सांगितलंय की घरातला धूर थांबलेला असावा, मुसळ टेकवून ठेवलेलं असावं, चूल विझलेली असावी, सगळ्यांची जेवणं उरकलेली असावीत, तेव्हा संन्याशानं दाराशी यावं. म्हणजे त्याच्यासाठी कुणी वेगळं रांधता कामा नये, उरलंसुरलं मिळेल ते घ्यावं. मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नये, मिळालं तर खूश होऊ नये. पाच-सात घरी थोडं थोडं मागायचं, मधमाशी फुलाफुलावरून नेते तसं, म्हणून ती माधुकरी.

आता टेंबे स्वामींचं उदाहरण घ्या (वासुदेवानंद सरस्वती, १८५४ ते १९१४). माणगावचा संसारी माणूस. १८९१ मध्ये गंगाखेडला पत्नी गेली, दिवस होताच संन्यास घेतला. तिथून पुढे उज्जैनपासून गरुडेश्वरापर्यंत २३ चातुर्मास केले, हिमालय ते दक्षिण देश पायी हिंडले, वाहनात बसले नाहीत. त्यांचा शेवट झाला ते गरुडेश्वर आपल्या अक्कलकुव्याच्या पलीकडे, गुजरातेत, नर्मदेच्या काठी. एवढी वर्षं चालूनही आपलं म्हणावं असं त्यांचं गाव कुठलंच झालं नाही. हात वर करून बारा वर्षं उभं राहण्यापेक्षा मला हे अवघड वाटतं. आपण एका गावात चार दिवस राहिलो तरी चहाची टपरी ठरते.

तुमच्या गावात कोण येतं, कुठे उतरतं, काय मागतं, लिहा. फक्त "सगळे भोंदू" किंवा "सगळे देवमाणूस" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या.

---

केळीवाला_रावेर

वाचनखूण साठवली. आमच्याकडे बऱ्हाणपूरच्या बाजूनं ओंकारेश्वरला जाणारे-येणारे असतात. केळीच्या ट्रकवाल्यांशी त्यांचं बरं जमतं भो. उतरतात मारुतीच्या पारावर, नाहीतर शाळेच्या ओट्यावर. कुणाच्या घरात सहसा येत नाहीत, कितीही म्हणा.

---

शिरपूरची_सून

सोनगीरकर दादा, छान धागा. आमचं घर गावाच्या तोंडाशीच, त्यामुळे पहिली हाक आमच्याच दारी. सासूबाई अजून त्याच पद्धतीनं विचारतात, "बाबा, जेवण व्हयनं का?" त्यांच्यासाठी प्रश्न तेवढाच. मला मात्र एक कोडं कधी सुटलं नाही. मागे एक भगव्या वस्त्रातले, हातात दंड असलेले स्वामी आले. मी सुपात पीठ, डाळ, गूळ असा शिधा घेऊन गेले, तर हात जोडून म्हणाले, माताजी, कच्चा नहीं लेते, बना हुआ हो तो दीजिए. पुढे काही दिवसांनी जटावाले, कपाळाला उभा टिळा असलेले दोघे आले. या वेळी मी शहाणपणानं भाकरी-भाजी नेली, तर ते म्हणे पका हुआ नहीं चलेगा, आटा दे दो. तव्यावरची गरम भाकरी परत घेऊन जाताना इतकी चिडले होते! यांना एकच नियम ठरवता येत नाही का?

---

सोनगीरकर

ताई, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पहिले दंडी संन्यासी असणार. दशनामी संन्यासात गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, पर्वत, सागर अशी दहा नावं, त्यातली तीर्थ, आश्रम, सरस्वती ही प्रामुख्यानं दंड घेणाऱ्यांची. संन्यास घेताना माणूस विरजा होम करतो, जानवं आणि शेंडी टाकतो, स्वतःचं पिंडदान स्वतः करतो, आणि शेवटी अग्नीच सोडतो. म्हणजे घरच्या अग्निहोत्राशी जसा संबंध तुटला तसा चुलीशीही. दंडी स्वामी स्वतः विस्तव पेटवून रांधत नाही. त्याला पीठ दिलं तर तो ते करणार काय? मेल्यावरही त्याला अग्नी देत नाहीत, बसवून समाधी देतात, नाहीतर नदीत सोडतात.

दुसरे दोघे रामानंदी त्यागी, म्हणजे बैरागी. त्यांचं सगळं उलट. अग्नी सोबत घेऊन फिरतात. जिथे आसन लावलं तिथे धुनी पेटली, त्यावरच रांधलं, आधी ठाकुरजींना नैवेद्य, मग आपण. दुसऱ्याच्या चुलीवरचं, त्यातून कांदा-लसणाच्या फोडणीच्या तव्यावरचं, देवाला कसं दाखवणार? म्हणून कोरडा शिधा. परिक्रमेत त्याला सदाव्रत म्हणतात. मीठ मागताना "रामरस" म्हणतात, ते ऐकून माझ्या दुकानातला पोरगा आयुर्वेदिक औषध शोधत बसला होता.

पुढच्या वेळी हाक ऐका. "ॐ नमो नारायण" म्हणजे दशनामी, "सीताराम" म्हणजे बैरागी, "आदेश" किंवा "अलख निरंजन" म्हणजे नाथ, "नर्मदे हर" म्हणजे परिक्रमावासी, मग तो साधू असो की रिटायर झालेला बँकेतला माणूस. आडवे पट्टे शैवांचे, उभा टिळा वैष्णवांचा.

---

शिरपूरची_सून

आता सासूबाईंना सांगते. त्या म्हणतील, मला माहीत होतं. :)

---

खडूस_मास्तर

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट तुम्ही हळूच गिळलीत. दंडी स्वामी भिक्षा कुणाच्या घरची घेतात? परंपरेनं ब्राह्मणाच्या. दंडसुद्धा ब्राह्मणालाच. म्हणजे शेंडी गेली, जानवं गेलं, स्वतःचं श्राद्ध झालं, आणि जात तेवढी जिवंत राहिली. "साधूची जात विचारू नये" हे वाक्य साधूनं कुणाच्या हातचं खाल्लं नाही हे बघितल्यावर मला फार पोकळ वाटतं. बैरागी स्वयंपाक वेगळा करतात त्यातही शुद्धतेचा भाग आहेच की, नुसता कांदा-लसूण नाही.

दुसरं, २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो हौसेनं नाही झाला. भगव्या कपड्यात येऊन अंगात आणणारे, दागिने दुप्पट करून देणारे आपल्या जिल्ह्यांतही भरपूर झालेत. तेव्हा कौतुक करताना हात राखून.

---

सोनगीरकर

मास्तर, जातीचा मुद्दा मान्य. नागा आणि बैराग्यांत इतर जातींना दारं बरीच आधी उघडली, दंड्यांत नाही उघडली. जेवणाच्या पंगतीतही भेद असतात, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

भोंदूचं म्हणाल तर नियम माहीत असले की तो लवकर कळतो. नियमातला साधू तुमचं भविष्य स्वतःहून सांगत नाही, घरात येऊ बघत नाही, आणि उद्या थांबत नाही. जो म्हणतो तुमच्या घरावर सावट आहे, उद्या अमुक घेऊन या, त्याला उद्यापर्यंत थांबायचंय, तिथेच गडबड.

---

भुसावळ_४६_डिग्री

तपाचा विषय निघालाय तर बैराग्यांच्या धुनी-तपाबद्दल लिहितो, कारण आमच्या उन्हाळ्यात हे करणारा माणूस मी तापीच्या काठी पाहिलाय आणि अजून डोक्यातून जात नाही.

वसंत पंचमीला सुरू होतं, गंगा दशहऱ्याला संपतं. म्हणजे माघ ते ज्येष्ठ, रोज दुपारी, आपल्याकडचा नेमका पेटलेला काळ. भोवती गोवऱ्यांचे ढीग रचतात आणि मधे बसून जप. पहिली तीन वर्षं पाच ढीग, पुढची तीन वर्षं सात, मग बारा, मग चौऱ्यांशी, मग कोटधुनी म्हणजे मोजता येणार नाहीत एवढ्यांचं कडं, आणि शेवटची तीन वर्षं खप्पर, म्हणजे विस्तवानं भरलेलं मडकं डोक्यावर. एकूण अठरा वर्षं.

तो बाबा पाच-धुनीवाला होता. मला वाटलेलं भडका असेल. तसं नसतं. गोवऱ्या धुमसत ठेवायच्या, ज्वाळा उठू द्यायच्या नाहीत. आधी जमीन सारवून घेतली, प्रत्येक ढिगाला हात जोडले, चिमट्यानं निखारा ठेवून फुंकला. मग डोक्यावरून धोतर घेतलं आणि हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, घातला. धोतराच्या कडेनं घाम टपटपत होता आणि सारवलेल्या जमिनीवर पडल्या पडल्या सुकत होता. वाऱ्यानं धूर फिरला तसे आम्ही बघे मागे सरकत गेलो. तो उठला तेव्हा पहिलं काम काय केलं, तर ढिगातली राख हातानं चाळून गोळा केली. तीच अंगाला लावायची. मी विचारलं, बाबा, त्रास नाही होत? म्हणाला, होता है, इसी लिए तो करते हैं. मी यावर काय बोलणार!

---

ग्रामीण_डॉक्टर

सरकारी नोकरीत खान्देशातच होतो, त्यामुळे रस्त्यावरून थेट ओपीडीत आलेले साधू बरेच तपासलेत. भक्ती बाजूला ठेवून शरीराचं सांगतो.

सगळ्यात जास्त तक्रार पायांची. टाचांच्या भेगा इतक्या खोल की त्यात मुरूम अडकलेला. त्यानंतर खोकला. चिलीम आणि धुनीचा धूर दोन्ही वर्षानुवर्षं छातीत, त्यात क्षयरोग असेल तर पंचाईत, कारण उपचार किमान सहा महिन्यांचा आणि पेशंटचा नियम खेड्यात एक रात्रीचा. आम्ही गोळ्या देऊन पुढच्या गावचं केंद्र लिहून द्यायचो, पुढे काय व्हायचं ते नर्मदामैयाला ठाऊक. मोतीबिंदूही खूप.

ऊर्ध्वबाहूंबद्दल वर उल्लेख आलाय. जुना आखाड्याचे अमर भारती १९७३ पासून उजवा हात वर धरून आहेत म्हणून त्यांचे फोटो जगभर गेले. पहिली काही वर्षं वेदना असतात, मग खांद्याचा सांधा आखडतो, स्नायू वाळून काठीसारखे होतात. नंतर खाली आणायचा म्हटला तरी येत नाही. माझ्या मते खरा निश्चय पहिल्या एक-दोन वर्षांपुरता लागतो, पुढचं सांधाच सांभाळतो. कुणाला हे उद्धट वाटेल, वाटो.

आणखी एक. केसपेपरवर वडिलांचं नाव विचारलं की गुरूचं नाव सांगतात. आधार कार्डावरही तेच असतं. ऑपरेशनची संमती द्यायला नातेवाईक नाही. एकदा एकाच्या कागदावर सही करायला गावातला पानटपरीवाला आला होता, ज्याच्या टपरीशेजारी तो दोन रात्री पडून होता. नातं कोणतं, या रकान्यात त्यानं "ओळखीचा" लिहिलं.

---

महानुभावी_भडगाव

सोनगीरकर, खान्देशात कनाशीसारखी आमची स्थानं असताना चक्रधर स्वामींचं नाव कुणीच घेतलं नाही याचं नवल वाटलं. तेराव्या शतकात त्यांनी शिष्यांना दिलेली आचारपद्धती अटन, विजन, भिक्षा यांवरच उभी आहे. सतत फिरा, माणसांपासून दूर राहा, मिळेल ते मागून खा. जिथे आपल्याला ओळखतात तिथे राहू नका, देशाच्या शेवटाला झाडाखाली जन्म घालवा असा त्यांचा उपदेश. आणि मास्तरांसाठी: त्यांनी चारही वर्णांच्या घरची भिक्षा घ्यायला सांगितली, स्त्रियांनाही संन्यास दिला. आता मठ झाले, गाड्या आल्या, ते आम्हालाही दिसतं.

---

खडूस_मास्तर

+१. हे वर धाग्यातच यायला हवं होतं.

---

साक्रीकर

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं. खान्देश, भिक्षा आणि भटकणारी माणसं असा धागा असेल तर राईनपाड्याचं नाव टाळता येणार नाही.

१ जुलै २०१८, रविवार, आमच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत फिरत होते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाईलवर फिरत होत्या. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

ते आखाड्यातले साधू नव्हते, पोराबाळांचे संसारी लोक होते. नाथांचं नाव घेत पिढ्यान् पिढ्या मागून खाणारी जमात. पण वर सोनगीरकरांनी लिहिलेला सगळा नियम ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे अनोळखी माणूस दाराशी आला तर त्याला आधी भाकरी विचारायची. ती गोष्टच त्या दिवशी नव्हती. त्यानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस कुणी झोळीवाला फिरकला नाही. आता येतात, पण आधी पोलीस पाटलाकडे जाऊन आधार कार्ड दाखवतात. परिक्रमावासीही ओळखीचं पत्र जवळ ठेवतात.

---

सोनगीरकर

साक्रीकर, लिहिलंत ते बरं केलंत. त्या आठवड्यात आमच्याही गावात एका म्हाताऱ्या बाबाला पोरांनी हटकलं होतं. दुकानदार मंडळी मधे पडली म्हणून निभावलं.

---

शिरपूरची_सून

बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून परत आले. परिक्रमेत एकट्या बायका हल्ली पुष्कळ दिसतात, त्यांना सगळे "माताराम" म्हणतात. आखाड्यांतही साध्वी असतात, जुना आखाड्यात त्यांचा माईवाडा आहे. आमच्याकडे एक साध्वी उतरल्या होत्या, साठीच्या. त्यांनी जेवण नंतर विचारलं, आधी विचारलं की घरात संडास आहे का आणि रात्री ओट्यावरचा दिवा चालू राहील का. पारावर झोपायचं स्वातंत्र्य बाबांना आहे. त्या म्हणाल्या, मी रात्री गाव निवडत नाही, घर निवडते, ज्या घरात म्हातारी बाई दिसेल ते.

---

मुक्ताईनगरचा

अवांतर: तपाची एवढी चर्चा चालू आहे आणि चांगदेव आमच्या तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून निघालेला योगी अशी कथा. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायना काय घालावा हे न सुचल्यानं कोराच कागद धाडला. उत्तरात ६५ ओव्या आल्या आणि लहानग्या मुक्ताईचं शिष्यत्व पत्करावं लागलं. महाशिवरात्रीला या, दोन्हीकडे यात्रा असते.

---

केळीवाला_रावेर

सोनगीरकर, एक कामाचा प्रश्न. २०२७ च्या पावसाळ्यानंतर गर्दी वाढणार हे नक्की. आमच्या मंडळाच्या पोरांच्या डोक्यात रस्त्यावर शिधावाटप करायचं आहे. द्यायचं काय? इकडे केळी फुकट मिळतात, पण केळ्यांवर किती दिवस काढणार माणूस.

---

सोनगीरकर

केळी ठेवाच, उपवासाला चालतात. शिध्यात तूरडाळ, बटाटे, गूळ, मीठ, थोडं तूप आणि काडेपेटी. सगळं कमी वजनात, कारण पाठीवर न्यायचं असतं. किलो-किलोच्या पिशव्या दिल्यात तर पुढच्या फाट्यावर टाकून जातील. पन्नास जणांना एका वेळचं पुरेल असं बघा. दंड्यांसाठी पोळी-भाजी तयार ठेवा, बिनकांद्याची. बूट-चपला वाटू नका, बरेच जण घालत नाहीत. त्यापेक्षा डॉक्टरसाहेबांना विचारून भेगांचं मलम ठेवा.

पीठ मात्र गव्हाचंच द्या. मागे आमच्याकडे कुणीतरी हौसेनं दादरचं, म्हणजे ज्वारीचं, दिलं होतं. उत्तरेकडचे बाबा, त्यांना टिक्कड जमतं, भाकरी थापता येत नाही. शेवटी पिठल्यासारखं शिजवून प्यायले आणि मला म्हणाले, शेठजी, ये कौन सा आटा है, जुडता ही नहीं.

---

शिरपूरची_सून

त्यांना आमच्याकडे पाठवा पुढच्या वेळी. सासूबाई पारावर बसून शिकवतील, हात न लावता.